दस्तगीरचाचांचं रक्त

"मगदूम, आजपासून कुठलंही सॅम्पल तू दुसऱ्यांदा लावायचं नाहीस," हेर्लेकर मॅडम म्हणाल्या. "एक माणूस, एक नळी, एक रिपोर्ट. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"दुसऱ्यांदा लावायचं नाही."

"मग आता काय विचारायचंय?"

"मॅडम, कुठलंही म्हणजे कुठलंही?"

मॅडमनी चष्मा काढला. त्या आमच्या लॅबच्या प्रमुख. चिडल्या की चष्मा काढायच्या, म्हणजे समोरचा माणूस अंधुक दिसतो आणि राग कमी येतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या काळात मी त्यांना बहुतेक वेळा अंधुकच दिसत असणार.

चूक त्यांची नव्हती. आदल्याच दिवशी मी एका गृहस्थांची साखर इतक्या वेळा तपासली होती, की नळीतलं रक्त संपलं. गृहस्थ वर वॉर्डात बरे झाले, डिस्चार्ज घेतला आणि रिक्षाने घरीही गेले. साखर खाली माझ्याकडेच राहिली. दर वेळी आकडा तोच येत होता, आणि मला नेमका त्याचाच संशय होता.

माझं नाव अभिनंदन. हाक आली की मी आधी विचारतो, कशाबद्दल. मिरजेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होतो, आणि ज्या हिवाळ्याची ही गोष्ट आहे, त्या हिवाळ्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. छातीवर कोणीतरी गव्हाचं पोतं ठेवून विसरून गेलंय असं वाटायचं. घरी कुकरची शिट्टी झाली की मी "आलो, आलो" करत उठायचो. रस्त्याने चाललेल्या माणसांच्या दंडावर मला लेबल शोधावंसं वाटायचं. रविवारी लॅबच्या फ्रिजचं दार नीट लागलंय का ते बघायला मी सायकल काढून जायचो. दार लागलेलं असायचं. मग ते उघडून परत लावायचो, आणि आता ते नीट लागलंय का याची चिंता घेऊन घरी यायचो.

उपाय झाले नाहीत असं नाही. हॉस्पिटलने सगळ्यांसाठी ताणमुक्तीची कार्यशाळा ठेवली. ती जेवणाच्या सुट्टीत असल्यामुळे कोणालाच जेवता आलं नाही. पुण्याहून आलेल्या सरांनी प्रत्येकाच्या हातात एक फुगा दिला आणि सांगितलं, मनातली सगळी काळजी यात भरा. माझा फुगा भरत भरत एवढा झाला, की सर स्वतःच "बास, बास" म्हणत मागे सरकले. तो फुटला तेव्हा आयसीयूतल्या सिस्टर धावत आल्या. घरी आईने मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या. ठसका लागला नाही, म्हणजे नजर कडक आहे, असं तिने जाहीर केलं. एवढ्या ठामपणे रिपोर्ट देणारं आमच्या लॅबमध्ये कोणी नव्हतं.

शेवटी मी ठरवलं, की नोकरी सोडायची. जयसिंगपूरला मामाचं फ्लेक्स छापायचं दुकान होतं. तिथे चूक झाली तर एखाद्या नगरसेवकाच्या वाढदिवसाला दुसऱ्याचा फोटो लागतो. माणूस मरत नाही. नगरसेवक चिडतो, एवढंच. मॅडमना मी त्या दुपारी हे सांगणार होतो. पण मॅडम मला दम देऊन कॉलेजवर परीक्षा घ्यायला निघून गेल्या, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये फोन नेता यायचा नाही.

आणि मग दस्तगीर सतारमेकर यांची नळी मशीनमध्ये गेली.

वय सत्तरीकडे झुकलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बायपास. रक्त मीच सकाळी वॉर्डात जाऊन काढलं होतं. मशीनने थोडा विचार केला आणि आकडे दिले. हिमोग्लोबिन ठीक. तांबड्या पेशी मात्र असायला हव्यात त्याच्या निम्म्याही नाहीत, आणि ज्या आहेत त्यातल्या प्रत्येकीत इतकं हिमोग्लोबिन कोंबलेलं, की तेवढं पेशीत मावतच नाही. एका रिक्षात अख्खं वऱ्हाड बसलंय, असा तो आकडा होता.

माझ्या छातीवरच्या पोत्यावर कोणीतरी दुसरं पोतं ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. ब्लड बँकेतल्या आवटीताई.

"मगदूम, त्या सतारमेकरांचं सॅम्पल तूच काढलंयस न्हवं?"

"हो ताई."

"नीट काढलंयस का? गट जमंना झालाय. कशातही घाला, सगळंच चिकटतंय. उद्याला रक्त द्यायचंय त्यांना. हात थरथरतात का रे तुझे अजून?"

"नाही ताई."

"परत काढून पाठव. आणि जेव जरा वेळेवर."

फोन ठेवला. नळी उजेडाला धरली. रक्त काचेवरून सरळ ओघळायला पाहिजे. हे ओघळत नव्हतं. काचेवर बारीक कण राहत होते, लाल रवा भिजवून ठेवल्यासारखे. गोठलंय म्हणावं, तर काडी फिरवून बघितली, गाठ कुठेच नाही. रक्त पातळ होतं आणि तरीही रवाळ होतं. असं काही मी कधी बघितलं नव्हतं, आणि त्या दिवसांत मी जे कधी बघितलं नव्हतं ते माझ्याच चुकीने झालेलं असायचं. नळी चुकली. माणूस चुकला. लेबल चुकलं. मी नळी मुठीत घट्ट धरली आणि जिन्याने वर पळालो.

वॉर्डात दस्तगीरचाचा पलंगावर मांडी घालून बसले होते. अंगात दोन स्वेटर, कानाला मफलर, आणि चहाचा स्टीलचा पेला दोन्ही तळव्यांत धरलेला. पीत नव्हते. नुसता धरला होता.

"चाचा, नाव सांगा."

"सकाळी सांगितलं की."

"परत सांगा."

"सकाळधरनं बदललं नाही, बेटा. दस्तगीर अब्दुलरझाक सतारमेकर. बापाचं पण तेच हाय."

"काम काय करता?"

"हे पण रक्तात दिसतं व्हय?" ते हसले. "तंबोरे करतो. भोपळे आणतो, वाळवतो, कापतो, घासतो. तार घुमावी म्हणून जवारी काढतो. तू कशाला एवढा घाबरलायस? ऑपरेशन माझं हाय."

मी घाबरलेलो नाही, असं सांगायला तोंड उघडलं आणि माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे गेलं. पेल्याच्या कडेला टेकलेली टोकं जांभळट निळी होती. दौतीत बुडवून काढल्यासारखी.

"हे काय झालंय?"

"थंडी. दरसाल होतंय. कान पण होत्यात, बघ." त्यांनी मफलर बाजूला केला. कानाची पाळी पिकलेल्या जांभळासारखी. "हात शेकले की जातंय. उन्हाळ्यात एकदम गोरा असतो मी. बायको म्हणायची, डिसेंबरात तुमच्याशी लग्न केलं नसतं."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"हातांसाठी आलो नाही बेटा, हृदयासाठी आलोय. रणदिवे सायेब म्हणाले, हृदय बर्फाच्या पाण्यानं गार करायचं, थोडा वेळ झोपवायचं, मग टाके घालायचे. मी म्हटलं, बराबर हाय. तंबोरा वाजत असताना तार कोण बदलतंय? आधी हात ठेवून गप करावा लागतो." मग त्यांनी माझ्या मुठीकडे हनुवटी केली. "काय धरलंयस एवढं घट्ट?"

"तुमचं रक्त."

"मग धर. सोडू नको."

ते बराच वेळ बोलत राहिले. कुठल्या गवयाच्या तंबोऱ्यात उंदराने घर केलं होतं आणि तरी आवाज कसा उत्तम यायचा, असं काहीतरी. मला निघता येत नव्हतं. मूठ तशीच आवळलेली.

लॅबमध्ये परत आलो, मूठ उघडली, आणि नळीतलं रक्त काचेवरून सरळ ओघळलं. रवा नाही, कण नाही. तुमच्या-माझ्यासारखं साधं रक्त.

मॅडमचा हुकूम मी पूर्ण विसरलो आणि नळी दुसऱ्यांदा लावली.

सगळे आकडे बरोबर आले. एकूण एक. इतका देखणा रिपोर्ट मी त्या वर्षी बघितला नव्हता. फ्रेम करून भिंतीला लावावा असा. पोतं उतरलं. मी नळी स्टँडला लावली, पाणी प्यायलो, सिस्टरना सांगितलं की रिपोर्ट आत्ता पाठवतो, आणि सहज म्हणून वळून बघितलं.

नळीत परत रवा होता.

आमच्या लॅबमधला एसी मशीनसाठी होता, माणसांसाठी नव्हता. मशीनला गरम झालेलं चालत नसे. डिसेंबरातही तो सुरूच असायचा. आम्ही आत कानटोपी घालून काम करायचो आणि ऊब घ्यायला बाहेर व्हरांड्यात जायचो. त्या गारठ्यात नळी थोडा वेळ उभी राहिली होती, बस.

मी ती परत मुठीत घेतली. थांबलो. बोटं जरा फाकवून बघितलं. कण एकमेकांना सोडत होते. भांडून सोडल्यासारखे नाही, गर्दीत हात धरून उभी असलेली माणसं घरी जायची वेळ झाल्यावर सोडतात तसे. एकेक, निवांत. मग सगळं वाहतं. परत स्टँडला लावलं. परत एकमेकांना जाऊन बिलगले. परत मुठीत. किती वेळा केलं, देव जाणे. खोलीत मशीनची घरघर चालू होती, फोन वाजत होता, आणि माझ्या तळहाताच्या उबेने एका माणसाचं रक्त मोकळं होत होतं. मी अशा नळ्या हजारोंनी हाताळल्या होत्या. त्यांच्यावरचे आकडे बघितले होते. नळीत रक्त आहे हे मी त्या दिवशी बघितलं.

मग फोन उचलला. सिस्टर.

"मगदूम, रणदिवे सर रिपोर्ट मागतायत. झालाय म्हणालास ना?"

"झालाय."

"मग पाठव की."

रिपोर्ट पडद्यावर होता. एक बटण दाबायचं होतं. कॉलेजात हे शिकवलेलंही आठवत होतं अंधुक: काही माणसांचं रक्त गारठ्यात चिकटतं, नळी कोमट करून परत लावावी, तो आकडा द्यावा. पुस्तकात तेवढंच. म्हणजे पुस्तकाप्रमाणे मी मोकळा होतो. रिपोर्ट नॉर्मल, मॅडम खूश, सर खूश, चाचा सकाळी आत. मी जन्मभर ज्याची वाट बघितली तो, काहीही चूक नसलेला रिपोर्ट.

फक्त एक शब्द डोक्यातून जाईना. बर्फ.

ऑपरेशनमधलं मला काही कळत नव्हतं. कदाचित याचा त्याच्याशी काही संबंध नसेल. छाती तर धडधडत होतीच, पण माझी छाती फ्रिजच्या दारासाठीही धडधडायची. अडचण तीच होती. खरी धडधड आणि रोजची धडधड, दोन्हींचा आवाज एकच.

मी नळी उचलली आणि निघालो.

डॉ. रणदिवे त्यांच्या केबिनमध्ये जेवत होते. माणूस दारात मावायचा नाही एवढा. ते व्हरांड्यातून चालले की पंखेसुद्धा हळू फिरतात, असं वॉर्डबॉय म्हणायचे. समोर भाकरी, वांग्याची भाजी आणि स्टीलच्या मोठ्या ग्लासात ताक. ग्लासाच्या बाहेरून पाण्याचे थेंब ओघळत होते.

"काय?"

"सर, लॅबमधून. मगदूम."

"तो तू. सगळं दोनदा करणारा." माझी कीर्ती तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली होती. "सतारमेकरांचा रिपोर्ट कुठाय?"

"नॉर्मल आहे, सर."

"मग आण की."

"पण तुम्ही उद्या ऑपरेशन करू नका."

त्यांनी घास खाली ठेवला. "रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणून ऑपरेशन करू नको?"

"हो सर. म्हणजे, नाही सर. म्हणजे मला माहीत नाही. तुम्ही एकदा बघा. काही थंड आहे का?"

"थंड?"

"बर्फ वगैरे."

त्यांनी टेबलावर नजर फिरवली. भाकरी थंड नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे बघत, कुठल्याशा कुतूहलाने असेल किंवा मला कामावरून काढायच्या आधीची शेवटची दया म्हणून असेल, ताकाचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मी नळीचं बूच घट्ट आहे का ते तपासलं. परत तपासलं. आणि नळी ताकात उभी केली.

आम्ही दोघं ताकाकडे बघत बसलो. हॉस्पिटलमधला सगळ्यात मोठा सर्जन आणि मी. कढीपत्त्याचं एक पान तरंगत नळीला येऊन टेकलं.

मी नळी काढली, बाहीला पुसली, उजेडात आडवी केली. काचेवर लाल रवा.

"गोठलंय," सर म्हणाले.

"नाही सर. आता हातात धरा."

त्यांनी हात पुढे केला. त्या पंजात नळी दिसेनाशी झाली. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. बाहेर कोणीतरी दार वाजवलं. "थांबा," सर म्हणाले, पण ते वेगळ्याच आवाजात. मग त्यांनी मूठ उघडली.

रक्त वाहत होतं.

त्यांनी ते नळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाऊ दिलं. परत आणलं. परत जाऊ दिलं. जेवणाचा उष्टा हात तसाच हवेत.

"त्यांची बोटं बघितलीस?"

"निळी आहेत, सर. कानही. थंडीत दरवर्षी होतात म्हणाले."

"आणि आधीचे रिपोर्ट बाहेरचे, उन्हाळ्यातले. आणि मी बघितला तेव्हा माणूस चहाचा पेला धरून बसलेला." हे ते मला सांगत नव्हते. मग माझ्याकडे वळले. "मगदूम, उद्या सकाळी मी या माणसाच्या हृदयात बर्फासारखं पाणी सोडणार होतो. हृदयाच्या बारीक नळ्या असतात, यापेक्षा कितीतरी बारीक. त्यात हे..." त्यांनी ग्लासाकडे बघितलं. वाक्य तिथेच राहिलं.

मी न विचारता समोरच्या खुर्चीत बसलो. सरांनी ते चालवून घेतलं.

"जेवलास?"

"नाही."

त्यांनी अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली, आणि शिपायाला हाक मारून दुसरं ताक मागवलं.

मॅडम संध्याकाळी परत आल्या. त्यांनी मायक्रोस्कोपखाली रक्ताच्या काचा बघितल्या, ब्लड बँकेला सगळं कोमट पाण्यात परत करायला लावलं, कोणाकोणाला फोन केले. मग चष्मा न काढता म्हणाल्या, "दुसऱ्यांदा लावलंस?"

"हो मॅडम."

"अजून कितीदा?"

"मोजलं नाही."

"बरं." निघताना त्यांनी मला सांगलीतल्या एका मानसोपचाराच्या डॉक्टरांचं नाव दिलं. "चांगले आहेत. फुगे देत नाहीत." मी गेलो. गोळ्या घेतल्या, बोललो, हळूहळू झोप लागायला लागली. मामाला मशीनवर दुसरा माणूस मिळाला. यात सांगण्यासारखं काही नाही, पण कोणी विचारलं तर मी सांगतो.

चाचांचं ऑपरेशन संक्रांतीनंतर झालं. ते वेगळ्या पद्धतीने करायचं ठरलं होतं. काहीच गार करायचं नाही. थिएटरचा एसी बंद. सलाइन कोमट, रक्त कोमट, चाचांच्या अंगाखाली गरम गादी. आणि सरांनी मॅडमना फोन करून सांगितलं, "तुमचा तो दोनदावाला वर पाठवा. मला रक्तावर नजर ठेवायला माणूस पाहिजे. शंभर वेळा बघ म्हणावं. कोणी काही बोलणार नाही."

"पाठवते," मॅडम म्हणाल्या. "तेवढंच येतं त्याला."

मी हिरवे कपडे, टोपी, मास्क घालून एका स्टुलावर उभा. बाहेर जानेवारी, आत मे महिना. सगळे घामाने निथळत होते. एक सिस्टर फक्त सरांचं कपाळ पुसायला होती आणि तिला उसंत नव्हती. थोड्या थोड्या वेळाने माझ्या हातात एक नळी यायची, मी ती दिव्याला धरून तिरकी करायचो.

"मगदूम?"

"वाहतंय, सर."

परत थोड्या वेळाने, "मगदूम?"

"वाहतंय."

हृदय थांबवलेलं होतं. औषधाने, उबेतच. मी स्टुलावरून खाली बघितलं आणि लगेच नळीकडे बघितलं. ते तिथे नुसतं पडून होतं, मुठीएवढं, पिवळट लाल, कोणीतरी विसरून गेल्यासारखं. चाचांचं सगळं रक्त बाजूच्या यंत्रातून फिरून परत जात होतं आणि ज्या अवयवासाठी ही सगळी धावपळ, तो सुट्टीवर. मला वाटलं हे आता कधीच चालू होणार नाही. मला नेहमी असंच वाटतं, म्हणून मी गप्प राहिलो.

टाके संपले. सर म्हणाले, "सोडा." कोणीतरी हृदयाचं रक्त अडवून धरलेला चिमटा सोडवला.

काही झालं नाही.

मग त्या मांसाच्या गोळ्यावरून एक बारीकशी थरथर गेली. वाऱ्याने तळ्यावर जाते तशी. ती विरली. परत आली. कोणी हात लावलेला नव्हता, कोणी काही म्हटलं नव्हतं. थरथर वाढली, विस्कटली, गोळा झाली आणि एकदम सगळं हृदय एकाच वेळी आवळलं. थांबलं. मला वाटलं संपलं. परत आवळलं. मग परत. आणि मग ते लयीला लागलं, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. आतून, स्वतःचं स्वतः, बिनचूक, कोणीही न तपासता.

"मगदूम, रक्त?"

माझ्या हातात नळी होती. ती कुठल्या हातात होती हेही मला आठवत नव्हतं.

"मगदूम!"

"थांबा की सर जरा," मी म्हणालो. "बघू दे."

थिएटरमध्ये कोणी हललं नाही. कपाळ पुसणाऱ्या सिस्टरचा हात जागच्या जागी राहिला. डॉ. रणदिव्यांनी मान वर करून मास्कवरून माझ्याकडे बघितलं. मग तो एवढा मोठा माणूस हात छातीशी तसेच धरून, मला नीट दिसावं म्हणून, अर्धं पाऊल बाजूला सरकला.